केळुसकरांचे बुद्धचरित्र आणि त्याचा एक वाचक

मुंबईच्या विल्सन हायस्कुलात शिकवणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी १८९८ साली गौतम बुद्धाचे मराठी चरित्र प्रसिद्ध केले. त्याआधी त्यांनी तुकारामांचे चरित्र लिहिले होते, आणि पुढे १९०७ मध्ये शिवाजी महाराजांचे विस्तृत चरित्र लिहून मराठी चरित्रवाङ्मयात आपले स्थान पक्के केले. बुद्धचरित्राची एक प्रत त्यांनी एका विद्यार्थ्याच्या सत्कारसभेत त्याच्या हाती ठेवली. तो विद्यार्थी म्हणजे सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा भीमराव आंबेडकर. त्याच भीमरावांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, आणि आयुष्याच्या अखेरीस त्यांनी लिहून पुरा केलेला मोठा ग्रंथही बुद्धाचे चरित्र आणि शिकवण सांगणाराच होता. या दोन टोकांच्या मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे आहेत. तेवढ्यावर थांबले तर गोष्ट फार सरळ होते: गुरुजींनी पुस्तक दिले, मुलाने ते वाचले, मुलगा बौद्ध झाला. भाषणांतून आणि छोट्या चरित्रांतून ती बहुधा अशीच सांगितली जाते. पुढील पानांचा विषय हीच गोष्ट आहे. मात्र ती इतकी सरळ नाही, आणि तिच्यातली अवघड जागा टाळली तर एका लेखकाने एका वाचकाला नेमके काय दिले हेच आपल्या हातून निसटते.

माझे म्हणणे असे की केळुसकरांच्या पुस्तकाने आंबेडकरांना प्रथम श्रद्धा दिली नाही, प्रश्न दिला. पुस्तक वाचून झाल्यावर त्या मुलाने केलेली पहिली गोष्ट म्हणजे वडिलांना जाब विचारणे. तो प्रश्न त्यांनी पुढे कधी सोडला नाही. धर्मशास्त्रे, अर्थशास्त्र, कायदा, इतिहास अशा सगळ्या वाचनात तो त्यांच्याबरोबर राहिला, आणि शेवटी ज्या चरित्राने तो जागा केला त्या चरित्रालाच त्यांनी तो विचारला. आवडत्या लेखकाचे ऋण वाचक दोन तऱ्हांनी मानू शकतो. लेखकाने सांगितलेले जसेच्या तसे जपणे ही एक तऱ्हा. त्याने दाखवलेल्या दिशेने त्याच्याही पुढे जाणे आणि जिथे पटत नाही तिथे त्याची मांडणी मोडून नव्याने उभी करणे, ही दुसरी. पुस्तकाने आयुष्य घडवले असे म्हणताना आपल्या मनात बहुधा पहिली तऱ्हा असते. आंबेडकरांचे उदाहरण दुसरीचे आहे, आणि पुस्तकाचा खरा, टिकाऊ परिणाम या दुसऱ्या तऱ्हेतच दिसतो असे मी या प्रस्तावनेत दाखवू पाहतो.

याचा मुख्य पुरावा खुद्द आंबेडकरांच्या लेखणीतला आहे. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या आपल्या ग्रंथासाठी त्यांनी १९५६ मध्ये एक प्रस्तावना लिहिली होती. १९५७ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा ती त्यात नव्हती; ती वाचकांसमोर यायला बरीच वर्षे जावी लागली. बुद्धाकडे आपण कसे वळलो या प्रश्नाला उत्तर म्हणून त्यांनी तिच्यात आपल्या घराचे वर्णन केले आहे. वडील लष्करातले, कबीरपंथी, अत्यंत धार्मिक आणि शिस्तीचे. मुलांनी रामायण-महाभारताचा काही भाग रोज वाचलाच पाहिजे असा त्यांचा दंडक, आणि हा क्रम वर्षानुवर्षे चालला. मग परीक्षा पास झाल्याबद्दल वस्तीतल्या लोकांनी सत्कार करायचे ठरवले. अशाने पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून वडिलांचा विरोध. लोक दादा केळुसकरांकडे गेले, दादांनी सुभेदारांची समजूत घातली, सभा झाली आणि दादांनी आपले पुस्तक बक्षीस दिले. ते वाचून आपण फार भारावलो असे आंबेडकर लिहितात. परंतु लगेच पुढच्याच टप्प्यावर ते सांगतात ते भारावण्याबद्दल नाही. आपल्या वडिलांनी आपल्याला बौद्ध वाङ्मयाची ओळख का करून दिली नाही, हा विचार मनात सुरू झाला, असे ते सांगतात.

मग तो मुलगा वडिलांपुढे उभा राहिला. ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा गाणारे आणि शूद्रांच्या, अस्पृश्यांच्या मानहानीच्या कथा पुन्हा पुन्हा सांगणारे ग्रंथ आम्ही का वाचायचे, हा त्याचा सवाल. वडिलांनी पहिल्यांदा झिडकारले. लहान तोंडी मोठा घास घेऊ नये, सांगितले ते करावे. काही दिवसांनी मुलाने पुन्हा विचारले. या वेळी सुभेदारांनी उत्तराची तयारी केलेली दिसते, आणि ते उत्तर हलके नाही. आपण अस्पृश्य, आपल्या मुलांच्या मनात न्यूनगंड येणे साहजिक आहे. तो घालवायला हे ग्रंथ उपयोगी पडतात. द्रोण आणि कर्ण पाहा, लहान माणसे किती उंचीवर गेली. वाल्मीकी पाहा, कोळी असून रामायणाचा कर्ता झाला. मुलाला या युक्तिवादात तथ्य दिसले, पण समाधान झाले नाही. भीष्म-द्रोण त्याला ढोंगी वाटत होते, कृष्णाचे कपट खटकत होते, रामाने शूर्पणखेशी, वालीशी आणि सीतेशी केलेले वर्तन पटत नव्हते. वडील गप्प राहिले. हा सगळा संवाद नीट पाहिला की लक्षात येते की या घरात वाचन अगोदरच मुरलेले होते. वडिलांनी जे ग्रंथ सक्तीने वाचून घेतले त्यांतल्या व्यक्ती, प्रसंग, त्यांचे बरेवाईट मुलाला पाठ होते. केळुसकरांच्या पुस्तकाने त्याच्यापुढे तुलनेसाठी दुसरा माणूस उभा केला. रिकाम्या मनाने आपण बुद्धाकडे गेलो नाही, आपल्याला ताडून पाहता येत होते, असे आंबेडकर त्या प्रस्तावनेत स्वतःच नोंदवतात. रामजी सकपाळांचे श्रेय या जागी मोठे आहे. ते अनेकदा सांगायचे राहून जाते. त्यांनी मुलाला वाचायला लावले नसते तर केळुसकरांचे पुस्तक पडायला जमीनच नव्हती.

हे पुस्तक मराठीत होते, ही गोष्टही वरवरची नव्हे. एल्फिन्स्टन हायस्कुलात आंबेडकरांना संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्य म्हणून त्यांना ते नाकारले गेले आणि दुसरी भाषा म्हणून फारसी घ्यावी लागली. ज्या भाषेत धर्माचे अधिकार ठरत होते ती भाषाच त्यांना बंद केली होती. अशा वेळी धर्माबद्दलचे ज्ञान मिळवायच्या वाटा दोनच उरतात, मराठी आणि इंग्रजी. केळुसकरांसारख्या लेखकाने बुद्धाचे चरित्र सरळ मराठी गद्यात आणून ठेवले होते, म्हणून त्या वर्गातून हाकललेल्या मुलाला ते घरी बसून वाचता आले. चर्नी रोडच्या बागेत हा मुलगा एकटा वाचत बसलेला असे, केळुसकरही तिथे वाचायला जात, त्यातून ओळख झाली आणि दादा त्याला पुस्तके देऊ लागले, असे चरित्रकार सांगतात. पुढे इंटरनंतर पैशांअभावी शिक्षण अडले तेव्हा केळुसकरांनीच त्याला बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे नेले आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. आजचा वाचक लेखकाला बहुधा मुखपृष्ठावरच्या नावापुरता ओळखतो. इथे लेखक स्वतः मुलाकडे आला, त्याचे वाचन पाहिले, त्याच्या वडिलांशी वाद घातला, त्याच्या फीची सोय केली. तेव्हा असे विचारता येईल की परिणाम झाला तो दादांच्या मायेचा, पुस्तकाचा कसला? मला हे दोन वेगळे काढता येत नाहीत, आणि काढू नयेत असेच वाटते. दादांनी शिष्यवृत्ती मिळवून दिली नसती तर कोलंबिया विद्यापीठापर्यंतचा रस्ता कदाचित बंद झाला असता. पण वडिलांना विचारलेला प्रश्न शिष्यवृत्तीतून आला नव्हता. तो पानांतूनच आला होता.

आता पहिला गंभीर आक्षेप. पासष्टीला टेकलेला माणूस आपल्या लहानपणाची आठवण सांगतो आहे, तीही धर्मांतराच्या उंबरठ्यावर उभा राहून. तो मागचे सगळे त्या निर्णयाच्या प्रकाशात लावून घेणारच. या आक्षेपाला बळ देणारा तपशीलही आहे. आंबेडकर लिहितात की सत्कार इंग्रजी चौथी पास झाल्यावर झाला आणि सभेचे अध्यक्ष दादा केळुसकर होते. चरित्रकार तो प्रसंग मॅट्रिकनंतरचा, १९०७ च्या सुमाराचा सांगतात आणि अध्यक्षपद सीताराम केशव बोले यांच्याकडे होते असे लिहितात. हेच बोले पुढे १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव आणणारे. म्हणजे इयत्ता आणि अध्यक्ष या दोन्ही बाबतींत आठवण आणि चरित्रे जुळत नाहीत. मला ही विसंगती दडपावीशी वाटत नाही. ती उपयोगाची आहे. प्रसंगाची चौकट पुसट झाली आहे. पुस्तक कोणी दिले, ते वाचून कोणता प्रश्न पडला, वडिलांनी कोणत्या क्रमाने काय उत्तर दिले, हे मात्र लख्ख आहे. आयुष्यभर मनात घोळलेल्या गोष्टी अशाच राहतात, आणि समारंभाचे तपशील असेच जातात. शिवाय आंबेडकर मागाहून रचलेली कथा सांगत असते तर ती अधिक सोयीची झाली असती. वडिलांचे उत्तर त्यांनी दुबळे करून सांगितले नाही. त्यात तथ्य होते हे मान्य करून ते नोंदवले. आपण त्या वयात बौद्ध झालो असा दावाही केला नाही. बुद्धाबद्दलच्या आस्थेचा उगम तिथे आहे, एवढेच त्यांचे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप अधिक सामाजिक आहे. आंबेडकरांना घडवले ते अस्पृश्यतेच्या अनुभवाने. बडोद्याला, मुंबईला, महाडला जे भोगावे लागले त्याने. पुस्तकांना श्रेय देणे म्हणजे अन्यायाची धार बोथट करणे होय. यातला पहिला भाग मी पूर्णपणे मान्य करतो. पण तो अनुभव लाखोंच्या वाट्याला आला होता, आणि त्याला त्यांनी दिलेली उत्तरेही अनेक होती: भक्ती, सहनशीलता, वरच्या जातींचे अनुकरण, ख्रिस्ती किंवा मुसलमान होणे, राजकीय हक्कांची मागणी. यांतले कोणते उत्तर घ्यायचे हे एकट्या दुःखाने ठरत नाही. दुःखाला अर्थ लावायची साधने कोणती हाताशी आहेत यावर ते ठरते, आणि ती साधने आंबेडकरांना फार मोठ्या प्रमाणात पुस्तकांतून मिळाली. बुद्ध, कबीर आणि फुले हे आपले तीन गुरू असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये ते आपले कोलंबियातले गुरू जॉन ड्यूई यांचे ऋण नोंदवतात. १९४६ चे ‘हू वेअर द शूद्राज’ हे पुस्तक महात्मा फुले यांना अर्पण केलेले आहे. म्हणजे केळुसकरांचे पुस्तक एकटे नव्हते. ते पहिल्या काही पुस्तकांपैकी होते, आणि पहिल्या पुस्तकाचे काम वेगळे असते: पुढच्या पुस्तकांकडे काय मागायचे हे ते शिकवते.

तिसरा आक्षेप मधल्या वर्षांचा. पुस्तक १९०७ च्या सुमाराला मिळाले, येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ला झाली, आणि त्या घोषणेतही बौद्ध धर्माचे नाव नव्हते. पुढच्या वर्षी तर शीख धर्माचा विचार जोरात होता. मग या अठ्ठावीस वर्षांत केळुसकरांचा बुद्ध कुठे होता? इमानदारीने सांगायचे तर १९२० च्या दशकापर्यंत त्याच्या खुणा थोड्या आहेत. पण पुढे त्या दाट होत जातात. दादरला हिंदू कॉलनीत १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला मुख्यतः पुस्तकांसाठी बांधलेल्या घराचे नाव ‘राजगृह’. बुद्धचरित्र वाचलेल्या कोणालाही मगधाची ती राजधानी ओळखीची असते. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये शास्त्रांचे प्रामाण्य नाकारण्याचे धैर्य दाखवणारे म्हणून बुद्ध आणि नानक यांची नावे येतात. १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० ला औरंगाबादला जे महाविद्यालय निघाले तेच पुढे मिलिंद. १९४८ मध्ये त्यांनी पी. लक्ष्मी नरसू यांचे ‘द इसेन्स ऑफ बुद्धिझम’ स्वतःच्या प्रस्तावनेसह पुन्हा छापवले. १९५० मध्ये महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लेख लिहून त्यांनी बौद्धांना हाती धरता येईल असा एकच सुटसुटीत ग्रंथ हवा असे सांगितले. ज्याला संस्कृत नाकारले होते तो माणूस पाली शिकला आणि पाली शब्दकोशाचे काम करत बसला. शीख धर्माकडे पाहणे हे मला या प्रवासाच्या विरुद्ध वाटत नाही. ज्या मुलाने घरातले ग्रंथ ताडून पाहिले तो पर्याय ताडून पाहणारच. राजकारणाचा हिशोबही त्यात होता, असायलाच हवा होता. लाखो माणसांचे भवितव्य ज्याच्या निर्णयावर अवलंबून आहे त्याने हिशोब न करणे हे बेजबाबदारपणाचे झाले असते. परंतु राखीव जागा आणि मतांचे गणित एवढाच हेतू असता तर आजारपणात, डोळे आणि पाय साथ देत नसताना, शेकडो पानांचा ग्रंथ लिहायचे कारण नव्हते.

आता त्या ग्रंथाकडे येतो, कारण माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम आधार तिथे आहे. परंपरेने चालत आलेल्या बुद्धचरित्रात सिद्धार्थ घर का सोडतो? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून. आंबेडकर आपल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच ही कथा नाकारतात. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा, आजारी किंवा मेलेला माणूस पाहिलाच नव्हता हे बुद्धीला पटत नाही, असे ते स्वच्छ म्हणतात. मग ते दुसरी कथा सांगतात. शाक्य आणि कोलिय यांच्या सीमेवर रोहिणी नदी. दोघेही तिच्या पाण्यावर शेती करतात. दरवर्षी पाणी आधी कोणी घ्यायचे, किती घ्यायचे यावरून कटकट. एका वर्षी मोठी मारामारी होते. शाक्यांचा सेनापती संघाची सभा बोलावतो आणि युद्धाचा ठराव मांडतो. आठ वर्षे संघाचा सभासद असलेला सिद्धार्थ विरोध करतो: आधी चौकशी करू, आपल्या माणसांकडूनही आगळीक झाली आहे. तो उपसूचना मांडतो: आपण दोन माणसे निवडू, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाचांनी तंटा मिटवावा. उपसूचनेला अनुमोदन मिळते, मतदान होते, आणि ती प्रचंड बहुमताने फेटाळली जाते. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याने शस्त्र धरावे असा ठराव येतो. अल्पमतातले बाकीचे गप्प बसतात. सिद्धार्थ एकटा उठतो आणि नाही म्हणतो. तेव्हा सेनापती त्याला सुनावतो की फाशी किंवा हद्दपारीला कोसलच्या राजाची परवानगी लागते हे खरे, पण तुझ्या कुटुंबावर सामाजिक बहिष्कार घालायला आणि जमिनी जप्त करायला संघाला कोणाला विचारावे लागत नाही. घरच्यांना शिक्षा नको, जे व्हायचे ते माझे एकट्याचे होऊ दे, अशी विनंती करून सिद्धार्थ परिव्राजक होण्याचा मार्ग पत्करतो.

हे पान लिहिणारा हात कोणाचा आहे हे ओळखायला चरित्रकोश उघडावा लागत नाही. पाण्याचा तंटा हा महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला सत्याग्रह करणाऱ्याच्या अंगावरून गेलेला आहे. उपसूचना, अनुमोदन, मतदान आणि अल्पमताचे एकटेपण हे कायदे कौन्सिलात, गोलमेज परिषदेत आणि घटना समितीत बसलेल्या माणसाला तळहातासारखे ठाऊक आहे. सामाजिक बहिष्कार आणि जमिनीची जप्ती ही तर खेड्यातल्या महाराला मान वर केल्याबद्दल मिळणारी नेहमीची शिक्षा. आंबेडकरांनी आपले आयुष्य बुद्धाच्या आयुष्यात आणून ठेवले आणि त्याच वेळी बुद्धाचे आयुष्य आपल्या आयुष्याच्या मापाने समजून घेतले. त्याच प्रास्ताविकात ते पुढेही विचारतात: चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ शिकवणीतली खरोखर आहेत का? आत्मा नाकारल्यावर कर्म आणि पुनर्जन्म कसे उभे राहतात? भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस व्हायचा की समाजाचा सेवक? लहानपणी वडिलांना विचारलेल्या प्रश्नाचेच हे वाढलेले रूप आहे. तेव्हा रामायण-महाभारताला तो लागू झाला होता. पन्नास वर्षांनी तो बौद्ध परंपरेलाही तितक्याच निर्भीडपणे लागू झाला. आवडत्या पुस्तकालाही त्यातून सूट मिळाली नाही.

इथेच सर्वांत अवघड आक्षेप येतो. पारंपरिक बौद्धांनी तो ग्रंथ निघाल्यावर लवकरच घेतला: हा धम्म बुद्धाचा नव्हे, आंबेडकरांचा आहे. माझ्या विषयापुरते त्याचे भाषांतर असे होईल की पुस्तकाने वाचकाला घडवले नाही, वाचकानेच पुस्तक आपल्याला हवे तसे करून घेतले. या आक्षेपाला मी दोन गोष्टी सांगेन. पहिली अशी की आंबेडकरांनी चरित्र बदलले ते मनाला येईल तसे नव्हे. बुद्ध हा बुद्धिवादी होता, माणसाच्या हिताशी संबंध नसलेल्या चर्चेत तो वेळ घालवत नसे, ही कसोटी त्यांनी आधी सांगितली आणि मग ती वापरली. कसोटीबद्दल मतभेद होऊ शकतो, आणि व्हावा. पण ती लपवलेली नाही. दुसरी गोष्ट अशी की त्यांना नवे चरित्र कोणाचेही लिहिता आले असते. कबीराचे, फुल्यांचे लिहिता आले असते. फुल्यांचे चरित्र लिहायची त्यांची इच्छाही होती. ज्या चरित्राशी त्यांची लहानपणी गाठ पडली तेच त्यांनी शेवटी पुन्हा लिहायला घेतले. पुस्तकाशी भांडत राहणे हेही त्याच्याशी बांधलेले राहणेच आहे, आणि ते बांधलेपण निमूट होकारापेक्षा जास्त काळ टिकते.

एकाच वाचकावरून एवढे म्हणणे धाडसाचे वाटेल, म्हणून दुसरा मराठी वाचक आठवावा लागतो. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी. त्यांची जात वेगळी, घर वेगळे, प्रदेश आणि सत्ता वेगळी. त्यांनाही बुद्ध प्रथम भेटला तो मराठी छापील पानांवर: आधी ‘बालबोध मेवा’ या मुलांच्या मासिकातल्या लेखात, मग एडविन अर्नोल्डच्या ‘लाइट ऑफ एशिया’च्या गोविंद नारायण काणे यांनी केलेल्या रूपांतरात. त्या वाचनाने ते इतके हलले की १८९९ मध्ये घर सोडून पुण्याला, तिथून काशीला, नेपाळला आणि अखेर सिंहलद्वीपाला गेले आणि पाली शिकले. ‘निवेदन’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे सांगितले आहे. आंबेडकरांच्या मानाने त्यांचा पहिला परिणाम वेगळा होता. त्यांना पुस्तकाने घराबाहेर ओढले, आंबेडकरांना घरातच उभे राहून बोलायला लावले. पण पुढची वाट पाहिली तर दोघे आश्चर्यकारक रीतीने जवळ येतात. मूळ पाली ग्रंथ हाती आल्यावर कोसंबींनीही ज्या गोड कथेने आपल्याला मोहून टाकले ती तपासायला घेतली. १९४० च्या सुमारास आलेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात म्हातारा-रोगी-प्रेत ही कथा मागाहूनची आहे असे दाखवून त्यांनी गृहत्यागाचे कारण शाक्य-कोलियांच्या झगड्यात शोधले. आंबेडकरांनी रोहिणीच्या पाण्याची जी कथा विस्ताराने रंगवली तिची दिशा मराठीत आधी कोसंबींनी दाखवली होती. एकाला संस्कृत मिळावे म्हणून घर सोडावे लागले, दुसऱ्याला ते शाळेतच नाकारले गेले. दोघांनीही लहानपणीच्या चरित्राचे ऋण ते चरित्र दुरुस्त करून फेडले. एवढ्या वेगळ्या दोन माणसांच्या बाबतीत हे घडावे, याला मी योगायोग म्हणत नाही.

आंबेडकरांचा ग्रंथ आता स्वतःच अनेकांच्या आयुष्यातले पहिले पुस्तक आहे. पावसाळ्यातल्या वर्षावासात महाराष्ट्रभरच्या बुद्धविहारांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मोठ्याने वाचला जातो. खंड, भाग आणि क्रमांक घातलेले छोटे परिच्छेद अशी त्याची रचना सामूहिक वाचनाला सोयीची आहे. ज्या बायकांना शाळेत जाता आले नाही त्या रोज संध्याकाळी तो ऐकायला येतात, आणि शाळेत जाणारी नात वाचते तेव्हा आजी अर्थ विचारते. चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला आणि दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या दुकानांपुढे जी गर्दी उसळते तिच्यातही हा ग्रंथ हातोहात जातो. या वाचकांविषयी माझे एक आग्रहाचे म्हणणे आहे, आणि पुढील प्रकरणे त्या आग्रहातूनच निघाली आहेत. या ग्रंथाला केवळ हात जोडले तर त्याच्या कर्त्याने केळुसकरांच्या पुस्तकाशी जो व्यवहार केला तो आपण त्याच्याशी करत नाही. विहारातल्या वाचनानंतर एखाद्या मुलीने उठून एखादा अवघड प्रश्न विचारला, तर तिला लहान तोंडी मोठा घास म्हणून बसवू नये.

केळुसकरांचे बुद्धचरित्र आज फारसे कोणी उघडत नाही. त्यांचे नाव बहुधा या एका बक्षिसापुरते उरले आहे. हे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे, म्हणून पुढील पानांत त्यांच्या पुस्तकाला पुरेशी जागा दिली आहे. वाचकांनी शक्य असेल तर तीन ग्रंथ शेजारी ठेवावेत: केळुसकरांचे १८९८ चे चरित्र, कोसंबींचे ‘भगवान बुद्ध’, आणि आंबेडकरांचा १९५७ चा ग्रंथ. तिन्हींतले गृहत्यागाचे प्रकरण आधी काढावे आणि सिद्धार्थ घराबाहेर का पडतो एवढेच पाहावे. बाकीची प्रकरणे मग कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील.